स्पॅनिश शिकायला परदेशी जायचंय: शाळा आणि राहायचं घर निवडताना खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी स्पॅनिशच्या शिकवण्या घेते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. थोडे विद्यार्थ्यांकडून, बरेचसे त्यांच्या आईवडिलांकडून. भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा, गाव कुठलंही असो, प्रश्न फारसे बदलत नाहीत. उत्तरांत माझी मतंही मिसळलेली आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

इथे बसून शिकता येतं, मग परदेशी कशाला जायचं?

व्याकरण शिकायला जायची गरज नाही. स्पेन सरकारच्या इन्स्तितूतो सेर्वान्तेसचं केंद्र नवी दिल्लीत आहे, त्यांचे वर्ग ऑनलाइनही करता येतात. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकवतात. क्रियापदांची रूपं जामनेरमध्ये पाठ केली काय आणि माद्रिदमध्ये केली काय, सारखीच.

इथे होत नाही ते बोलणं. दुकानदार भरभर काहीतरी बोलतो, मागे रांग असते, आणि दोन सेकंदांत उत्तर द्यायचं असतं. ती सवय जिथे चोवीस तास स्पॅनिश कानावर पडते तिथेच लागते. शाळा दिवसातले चार तास घेते, बाकीचा दिवस तुम्ही राहता त्या घरात आणि गल्लीत जातो. तरी लोक महिनाभर शाळांच्या वेबसाइटी चाळतात आणि घराचा रकाना शेवटच्या दिवशी घाईघाईत भरतात. मी उलटं करायला सांगते.

अजिबात येत नसताना गेलं तर चालेल?

चालेल, पण महाग पडेल. पहिले तीन आठवडे 'माझं नाव अमुक, मी भारतातून आलो' यातच जातात आणि ते इथे फार थोड्या पैशांत होतं. युरोपीय मापात ए1 पासून सी2 पर्यंत सहा पातळ्या असतात. ए1 पुरी आणि ए2 निम्मी झाल्यावर निघावं. तेव्हा यजमानीण बाईंशी जेवताना निदान तोडकंमोडकं बोलता येतं. आणखी एक अडचण: अगदी नवख्यांचे गट बऱ्याच शाळांत महिन्यातून एकदाच सुरू होतात, बाकीच्या पातळ्यांना कुठल्याही सोमवारी प्रवेश मिळतो.

भाषेची भीती मात्र बाळगू नका. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि नवापूरकडे गुजराती बोलणारी आपली पोरं भाषा बदलायला सरावलेली असतात. स्पॅनिशचे अ, ए, इ, ओ, उ आपल्यासारखेच स्वच्छ. त आणि द दंत्य. तू आणि तुम्ही हा भेद आहेच. 'मला केळं आवडतं' ही रचना इंग्रजीवाल्याला उलटी वाटते, मराठी माणसाला स्पॅनिशमध्ये ती जशीच्या तशी मिळते. अडतं ते जोरात घोळवायच्या 'र'पाशी. तो सरावाने येतो.

स्पेनला जावं की लॅटिन अमेरिकेत?

आधी भाषा कुठे वापरणार ते सांगा. युरोपात पुढे शिकायचं असेल तर स्पेन. पुणे, हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या कंपन्यांत अमेरिका खंडातल्या ग्राहकांशी बोलायचं असेल तर मेक्सिको, कोलंबिया, ग्वाटेमाला. भाषा एकच आहे, फरक उच्चारात आणि थोड्याफार रूपांत. स्पेनमध्ये मित्रमंडळींना 'वोसोत्रोस' म्हणतात, अटलांटिकपलीकडे सगळ्यांना 'उस्तेदेस'. अर्जेंटिनाचा उच्चार वेगळाच, 'तू'ऐवजी 'वोस', आणि 'य'च्या जागी 'श'. पहिल्या खेपेला ब्यूनस आयर्स मी सुचवत नाही.

पैशांच्या बाजूने ग्वाटेमालाला तोड नाही. अँतिग्वा आणि केत्सालतेनांगो (तिथले लोक शेला म्हणतात) ही दोन गावं स्पॅनिश शाळांसाठीच ओळखली जातात. तिथे वर्ग नसतो. एक विद्यार्थी, एक शिक्षक, अंगणातलं एक टेबल, आणि सकाळचे चार-पाच तास. बुजऱ्या मुलाला बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शिकवणी, घर आणि जेवण मिळून तिथे जेवढे लागतात, जवळपास तेवढे स्पेनमध्ये नुसत्या शिकवणीला जातात. शाळेला तिथल्या पर्यटन संस्थेची, म्हणजे इंगुआतची मान्यता आहे का, तेवढं पाहा. शेला सुमारे 2,300 मीटर उंचीवर आहे, रात्री चांगलंच गारठतं, स्वेटर न्या.

खरी गोम विमानात आहे. स्वस्त तिकिटं बहुधा अमेरिकेमार्गे असतात आणि नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकीट काढून बसल्यावर हे कळून उपयोग नाही. युरोपमार्गे जायचं तर त्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसाचा नियमही आधी पाहा. ज्यांच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अशांनी वाहाका किंवा ग्वादालाहाराचा जरूर विचार करावा.

आमचा केळीचा धंदा आहे. इक्वाडोरला शिकायला गेलं तर दोन्ही कामं होतील का?

रावेर-यावलकडून हा प्रश्न येतो आणि तो अगदीच वेडा नाही. केळीच्या निर्यातीत इक्वाडोर जगात पहिला, 2000 पासून तिथलं चलन अमेरिकी डॉलर आणि शाळा क्वितो व क्वेन्का या दोन शहरांत भरपूर. पण केळी समुद्रसपाटीला, ग्वायाकिल बंदराच्या बाजूला, आणि तिथली सुरक्षेची स्थिती गेली काही वर्षं बिकट आहे. जानेवारी 2024 मध्ये सरकारला टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवावं लागलं. म्हणून शिकायला क्वेन्का, आणि बागा पाहायच्या तर ओळखीच्या व्यापाऱ्याबरोबर. क्वितो 2,850 मीटरवर आहे, पहिले दोन-तीन दिवस जिना चढतानाही धाप लागते.

इक्वाडोर, कोलंबिया, पेरू इथून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. गावातल्या दवाखान्यात ती मिळत नाही.

स्पेनमध्ये कुठलं शहर?

नवशिक्यांसाठी मी सालामान्काचं नाव पहिलं घेते. विद्यापीठ 1218 पासूनचं, गाव पायी फिरण्याजोगं, उच्चार स्पष्ट, आणि घरमालकिणींना परदेशी विद्यार्थ्यांची पिढ्यान्‌पिढ्या सवय. हिवाळा मात्र कडक. बार्सिलोना सगळ्यांना हवं असतं, पण तिथल्या घरांत बऱ्याचदा कातालान बोलतात. वालेन्सियातही स्थानिक भाषा आहे, जरा कमी जाणवते. ग्रानादा स्वस्त आणि तरुण. सेव्हियातले लोक 'स' गिळतात, पहिला आठवडा काही कळत नाही, मग कान तयार होतात.

सेव्हियाच्या उन्हाळ्याला घाबरून युरोपीय विद्यार्थी जुलैत तिकडे फिरकत नाहीत. पारा चाळिशीच्या वर जातो म्हणे. भुसावळच्या माणसाने यावर काय बोलावं! तिथेही दुपारी खिडक्यांच्या झडपा ओढून घर अंधारं करतात आणि बाहेर पडतात ते संध्याकाळी.

शाळा चांगली आहे हे इथून कसं ओळखायचं?

सेर्वान्तेस संस्था जगभरातल्या शाळा तपासून मान्यता देते आणि त्यांची यादी तिच्या वेबसाइटवर असते. स्पेनच्या मोठ्या मुदतीच्या व्हिसासाठी शाळेची मान्यता पाहतातच, म्हणून सुरुवात त्या यादीपासून करा. त्यापुढे मी तीन गोष्टी विचारायला लावते.

पहिली, एक तासिका किती मिनिटांची? 'आठवड्याला 20 तासिका' सगळेच लिहितात. 45 मिनिटांची असेल तर 15 तास होतात, 55 ची असेल तर 18 च्या वर. दोन शाळांच्या फीची तुलना या हिशोबानंतरच करा.

दुसरी, गटात जास्तीत जास्त किती जण? आठपर्यंत उत्तम, बारा म्हणजे वर्ग झाला. आणि त्या महिन्यात कुठल्या देशांचे विद्यार्थी येतात? एकाच देशाचे निम्मे असले तर मधल्या सुट्टीत स्पॅनिश ऐकू येणार नाही.

तिसरी, सुट्टीच्या दिवसाचं काय? 12 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर, 6 आणि 8 डिसेंबर, 6 जानेवारी या राष्ट्रीय सुट्ट्या, त्यावर गावाची जत्रा वेगळी. मालागाची ऑगस्टात, सेव्हियाची इस्टरनंतर. बहुतेक शाळा हे तास भरून देत नाहीत. दोन आठवड्यांच्या कोर्सात दोन दिवस गेले तर पाचवा हिस्सा गेला.

या प्रश्नांना ईमेलवर सरळ उत्तर देणारी शाळा मला पुरे. 'निश्चिंत राहा, सगळी उत्तम व्यवस्था आहे' एवढंच लिहिणारी सोडून द्यावी.

होमस्टे म्हणजे पेइंग गेस्टच ना?

पुण्याच्या पीजीसारखं चित्र डोळ्यांपुढे ठेवून जाल तर गोंधळ उडेल. इथे तुम्ही एका घरात, त्यांच्याच टेबलावर जेवता. 'कुटुंब' या शब्दाने मात्र फार अपेक्षा ठेवू नका. आईबाप, दोन मुलं आणि आजी हे वेबसाइटवरच्या फोटोतलं. प्रत्यक्षात पुष्कळदा साठीच्या पुढची एकटी बाई, रिकामी झालेली मुलांची खोली आणि एक मांजर. यात वाईट काही नाही, उलट तिला गप्पा हव्या असतात. मुलंबाळं असलेलं घर हवं असेल तर तसं लिहून मागा.

घराचे करार तीन तऱ्हांचे. नुसती खोली. 'मेदिया पेन्सियोन' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. 'पेन्सियोन कोम्प्लेता' म्हणजे सगळं. माझा कल मधल्याकडे, तोही दुपारचं जेवण निवडून. स्पेनमध्ये मोठं जेवण दुपारी दोन-तीनला असतं आणि सगळे तेव्हाच टेबलावर बसतात. रात्रीचं नऊ-दहाला, हलकं, कधी टीव्हीसमोर. आपल्याकडचा मुलगा सातला भुकेने व्याकूळ होतो, त्याने खोलीत केळी आणि बिस्किटं ठेवावीत. ग्वाटेमालात बहुधा तीन वेळचं जेवण आठवड्यातून सहा दिवस असतं, रविवारी बाहेर खायचं.

घर ठरवण्याआधी शाळेला विचारायचं ते असं. घरात आणखी विद्यार्थी आहेत का आणि ते कुठल्या भाषेचे? दोघे हिंदी बोलणारे एका घरात आले की स्पॅनिश संपलं. शाळेपर्यंत पायी किती वेळ? 'बसने 40 मिनिटं' म्हणजे जून महिन्यात रोज दोनदा उन्हात. खोलीला खिडकी आहे का? प्रश्न विचित्र वाटेल, पण बऱ्याच जुन्या इमारतींत खोलीची खिडकी आतल्या चौकात उघडते आणि दिवसा दिवा लावावा लागतो. हिवाळ्यात हीटर किती तास चालतो? कपडे आठवड्यातून किती वेळा धुतात? घराची किल्ली स्वतंत्र मिळते का? धूम्रपान, कुत्रा, मांजर?

गेल्यावर दोन गोष्टी सांभाळा. अंघोळ पाच मिनिटांत उरका, गरम पाण्याची टाकी पुष्कळ घरांत लहान असते आणि वीज महाग. दुसरं, जेवायला येणार नसाल तर सकाळीच सांगा.

आम्ही शाकाहारी आहोत, मुलगा माळकरी आहे. जमेल का?

जमतं, पण 'व्हेजिटेरियन' या एका शब्दावर विसंबून जाऊ नका. स्पेनमध्ये 'वेजेताल' लिहिलेल्या सँडविचात ट्यूना मासा सहज निघतो. धुळ्याच्या माझ्या एका विद्यार्थिनीपुढे पहिल्याच दिवशी मसुराची वाटी आली. वर तेलाचा लाल तवंग, कडेला लसूण, बघून घरची आठवण व्हावी. मालकिणीने तिच्यासमोरच चमच्याने चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, चार तुकडे वेचून बाजूला काढले आणि प्रेमाने म्हणाली, घे, आता शाकाहारी. त्या बाईच्या मनात खोट नव्हती. तिच्या लेखी मांस म्हणजे ताटातला तुकडा, रस्सा नव्हे.

म्हणून नकारांची यादीच द्यावी लागते. शाळेच्या अर्जात हे वाक्य घाला आणि पाठही करा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन, नी काल्दो दे कार्ने.' मांस नको, कोंबडी नको, मासा नको, हॅम नको, मांसाचं पाणीही नको. अंडं चालत नसेल तर 'नी ह्वेवोस' जोडा. मेक्सिको-ग्वाटेमालात घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, तिथे 'सिन मान्तेका' सांगा.

खायला मग काय मिळतं? पिस्तो म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी यांची परतून शिजवलेली भाजी, चण्याबरोबर पालक, टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप. साल्मोरेहो हे त्याचंच दाट रूप, त्यावर हॅमचा चुरा असतो, तो घालू नका म्हणावं. मध्य अमेरिकेत घेवडा, भात, मक्याची तोर्तिया, तळलेलं कच्चं केळं. सगळं अळणी वाटेल, मिरचीची भुकटी सोबत ठेवा.

जैन कुटुंबांना मी होमस्टेची भलावण करत नाही. कांदा-बटाटा-लसूण वगळून स्पॅनिश स्वयंपाक उरत नाही आणि चीजमध्ये पुष्कळदा प्राणिज रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरलेलं वासराच्या पोटातलं द्रव्य, असतं. त्यांनी शाळेमार्फत स्वयंपाकघर असलेला सामायिक फ्लॅट घ्यावा आणि बोलण्याची उणीव भाषा-मित्र, म्हणजे आपली भाषा शिकवून त्याबदल्यात तुमची शिकणारा जोडीदार, शोधून भरून काढावी. शाळा ते जुळवून देतात.

डब्यात काय नेता येईल?

काळा मसाला, डाळीचं पीठ, पापड बिनदिक्कत न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप, खवा, पनीर इथेच ठेवा. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, फक्त पाच फळांना त्यातून सूट आहे: अननस, नारळ, ड्यूरियन, खजूर आणि केळी. जळगावकराने हसून घ्यावं, पण बॅगेत ठेवू नये, मुंबईपर्यंतच काळी पडतील.

मुलगी एकटी जाणार. घर सुरक्षित असेल कशावरून?

चांगली शाळा घरांना स्वतः भेट देते आणि वर्षानुवर्षं तीच घरं वापरते. तेव्हा 'हे कुटुंब तुमच्याकडे किती वर्षं आहे?' एवढा प्रश्न पुरतो. फक्त स्त्रिया असलेलं घर मागता येतं. रात्री उतरणारं विमान घेऊ नका, घेतलंच तर विमानतळावरून घरापर्यंत न्यायची सोय आधीच पक्की करा. स्पेनमध्ये कुठल्याही संकटात 112. भेटताना दोन्ही गालांना गाल लावायची तिथे पद्धत आहे, घरच्यांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे व्हिडिओ कॉलवर धक्का बसायला नको. नको असेल तर हात पुढे करावा, कोणी मनावर घेत नाही.

घर पटलं नाही तर?

तिसऱ्या दिवशी शाळेच्या कचेरीत जाऊन सांगा, पंधराव्या दिवशी नको. घर बदलून देण्याची अट पैसे भरण्याआधी लेखी घ्या. आणि सुरुवातीला चारच आठवड्यांचं घर ठरवा, आवडलं तर वाढवता येतं.

व्हिसाचं कसं?

90 दिवसांच्या आतला कोर्स असेल तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक, अल्पमुदतीचा व्हिसा. त्याची फी जून 2024 पासून 90 युरो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीकडे, अर्ज त्यांच्या वतीने अर्ज घेणाऱ्या बीएलएस कंपनीच्या केंद्रात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणून रात्रीच्या गाडीचं आरक्षण अपॉइंटमेंट मिळाल्यावरच करा.

त्याहून लांबच्या कोर्सला विद्यार्थी व्हिसा. खर्चासाठी दरमहा 600 युरोंच्या हिशोबाने पैसे दाखवावे लागतात. 180 दिवसांपुढे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखलाही लागतो. चारित्र्य प्रमाणपत्राला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, आणि स्पॅनिश भाषांतर हवं. या कागदांतच दोन-अडीच महिने जातात. मे 2025 मध्ये स्पेनचे नियम बदलले आहेत, तेव्हा मावसभावाने 2022 साली काय केलं ते प्रमाण मानू नका.

तिथे काम करून खर्च निघेल का?

नाही. शेंगेन व्हिसावर काम करता येत नाही, आणि भाषेच्या कोर्सच्या भरवशावर कमाईचं गणित मांडून कोणी जाऊ नये.

पैसे कसे पाठवायचे? एजंट घ्यावा का?

शाळेच्या बँक खात्यात, तुमच्या बँकेतून, शाळेच्या इनव्हॉइसवर. पॅन लागतो. एप्रिल 2025 पासून अशा रकमांवर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापत नाहीत. व्हिसा नाकारला तर नोंदणी फी सोडून बाकी परत मिळेल का, हे आधीच ईमेलवर लिहून घ्या.

व्हिसाचे कागद लावून देणाऱ्या एजंटला त्याची मजुरी द्यायला हरकत नाही. पण शाळा त्याने निवडायची, फी त्याच्या खात्यात भरायची आणि घराचा पत्ता 'पोहोचल्यावर कळेल', असं असेल तर उठून यावं. एका पालकांना असाच पत्ता विमानात बसायच्या आदल्या रात्री मिळाला. निघालं ते वसतिगृह, आणि खोलीत तिघेही भारतीय.

किती आठवडे पुरतात?

चारपेक्षा कमी असतील तर सहल समजा. आठ ते बारा आठवड्यांत, आधी ए2 असेल तर, बी1 पर्यंत पोहोचतात.

परत येताना परीक्षा देऊन यावं का?

नोकरीसाठी कागद लागणार असेल तर हो. डेले हे स्पॅनिश येत असल्याचं प्रमाणपत्र स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने सेर्वान्तेस देते आणि त्याला मुदत नसते. सिएले ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, निकाल लवकर लागतो, पण तिचं प्रमाणपत्र पाच वर्षंच चालतं. डेलेच्या तारखा ठरलेल्या असतात आणि नोंदणी कित्येक आठवडे आधी बंद होते, म्हणून कोर्सच्या तारखा त्यावर बेतून घ्या. डेले दिल्लीतही देता येते, परदेशात जमलं नाही तर घरी येऊन महिना-दोन महिन्यांत, कान ताजे असेपर्यंत, देऊन टाका.